घर बांधताय? मग व्हायब्रेटरशी ओळख करून घ्या



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक सांगत आले. लग्नात जेवणाची एखादी पंगत बिघडली, तर चार दिवस बोलणी होतात आणि लोक विसरून जातात. घराचा स्लॅब मात्र एकदा बिघडला, की तो पुढची चाळीस वर्षे डोक्यावर राहतो. सोयाबीनचे, उसाचे, दुधाचे पैसे साठवून, कधी सोसायटीचे कर्ज काढून आपण घर उभे करतो. सिमेंट कोणते, सळई किती जाडीची, खडी कोणत्या खाणीची, याची चौकशी दहा ठिकाणी करतो. पण ओतलेला माल नीट बसवणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे व्हायब्रेटरबद्दल, फारसे कोणी विचारीत नाही. स्लॅबच्या दिवशी ठेकेदार ते घेऊन येतो, घर्र घर्र आवाज होतो आणि आपण जेवणाच्या तयारीला लागतो.

पुढे सेंट्रिंग काढले, की कॉलमच्या पायथ्याशी मधमाशीच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. आत हात घातला तर खडी सुटी निघते, सळई उघडी पडलेली असते. गवंडी म्हणतो, “काही नाही हो, गिलाव्यात झाकून जाईल.” झाकून जाते हे खरे, पण बरे होत नाही. त्या भोकांतून ओल आत शिरते, सळई गंजते, फुगते आणि दहा-बारा वर्षांत सिमेंटचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून हा लेख जरा सवडीने वाचा, आणि घरात जो कोणी बांधकामावर उभा राहणार असेल त्यालाही वाचायला द्या.

हे यंत्र करते तरी काय?

घमेल्यातून ओतलेला ताजा माल वरून भरीव दिसला, तरी आत भरीव नसतो. त्याच्या आकारमानाच्या पाचापासून वीस टक्क्यांपर्यंत नुसती हवा असते. ही हवा बाहेर काढली नाही, तर ती तिथेच अडकून माल घट्ट होतो. पाच टक्के पोकळी राहिली, तर काँक्रीटची ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा पोती सिमेंट घालून सात पोत्यांचे काम पदरात पडल्यासारखेच झाले.

व्हायब्रेटरच्या टोकाला जी लोखंडी नळी असते तिला आपल्याकडे सगळे ‘नीडल’ म्हणतात. ती मिनिटाला नऊ ते बारा हजार वेळा थरथरते. ही थरथर मालात शिरली, की खडीचे दाणे एकमेकांवरून घसरतात, माल क्षणभर दाट पिठल्यासारखा ढिला होतो, हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि सळईभोवती सिमेंट घट्ट बसते. पायलीत धान्य भरताना आपण ती हलवून घेतो, तेव्हा दाणे खाली बसतात आणि आणखी मूठभर धान्य मावते. तसाच हा प्रकार आहे.

आणखी एक फायदा आहे. हाताने सळईने ठोसायचे म्हटले, की गवंड्याला माल पातळ लागतो आणि तो पाणी ओतत राहतो. व्हायब्रेटर असेल तर घट्ट मालही नीट बसतो. ‘एम २०’ दर्जाच्या साध्या प्रमाणातील काँक्रीटला ५० किलोच्या एका पोत्यामागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी घालू नये, असे आयएस ४५६ : २००० हे भारतीय मानक सांगते. वाळू ओली असेल, तर तिच्यातले पाणीही या हिशेबात धरायचे. यंत्र आणून वर पाणीही मनमुराद ओतले, तर यंत्राचे भाडे पाण्यात गेले म्हणून समजा.

नीडल कोणती घ्यावी?

नीडल जाडीवरून ओळखली जाते. खेड्यातल्या घरकामाला २५, ४० आणि ६० मिलिमीटर अशा तीन जाडीच्या नीडल पुरतात.

कॉलम नऊ इंची असेल, बीममध्ये सळया दाट असतील, कॉलम-बीमच्या सांध्यावर बोटही शिरत नसेल, तर २५ ची नीडल लागते. साधा बीम आणि स्लॅब यांना ४० ची चांगली. ६० ची नीडल पायाच्या मोठ्या खड्ड्यांसाठी आणि जाड भिंतींसाठी. सळयांच्या फटीतून सहज खाली जाईल एवढीच जाडी निवडावी. ४० ची नीडल सळयांत अडकते म्हणून कामगार ती जोराने कोंबतो, सळया बाजूला सरकतात आणि खालचे कव्हर ब्लॉक निसटतात. म्हणून एका घराला २५ आणि ४० अशा दोन्ही नीडल मागवून ठेवाव्यात. इंजिन तेच राहते, फक्त टोक बदलायचे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे लवचिक नळीची लांबी. स्लॅबला चार मीटर पुरते. उंच कॉलमला आणि विहिरीच्या कड्याच्या कामाला सहा मीटर किंवा त्याहून लांब घ्यावी.

तिसरी गोष्ट, इंजिन पेट्रोलचे की विजेचे? विजेचे यंत्र हलके, आवाज कमी आणि चालवायला स्वस्त. पण स्लॅब निम्म्यावर आला आणि वीज गेली, तर काय करणार? वीजपुरवठ्याचा भरवसा नसेल तिथे पेट्रोल इंजिन बरे. दोन्हींचे धोके वेगळे आहेत, ते पुढे सांगतो.

विकत घ्यावे का? एका घरासाठी मुळीच नको. दोन-तीन दिवसांच्या कामाला भाड्याने आणणे परवडते. गावातल्या एखाद्या तरुणाला हाच धंदा करायचा असेल, तर गोष्ट वेगळी. विकत घेताना यंत्र आयएस २५०५ या मानकाप्रमाणे आहे का, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का, हे आधी विचारावे.

आदल्या संध्याकाळीच तपासा

भाड्याचे यंत्र सकाळी माल ओतायच्या वेळी नव्हे, आदल्या संध्याकाळी घरी आणावे. मग पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

इंजिन पहिल्या दोन-तीन ओढीत सुरू होते का? तेल आणि पेट्रोल भरलेले आहे का? नळीवरचे रबर फाटलेले, तारा बाहेर आलेल्या नाहीत ना? नीडल झिजून टोकाला पातळ झालेली नाही ना? ओल्या वाळूच्या ढिगात ती क्षणभर चालवून पाहा. पुष्कळ नीडल सुरू होताना नुसत्या फिरतात, थरथरत नाहीत. लाकडी फळीवर टोक हलकेच टेकवले, की थरथर चालू होते. तरीही चालू झाली नाही, तर यंत्र परत करा.

तीन फेजची मोटार असेल, तर फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे आहे का, हे नीडल जोडण्याआधी पाहावे. उलट फिरली तर नळीच्या आतली तार उकलून निकामी होते.

एवढे करूनही यंत्र ऐनवेळी बंद पडू शकते. म्हणून दुसरी नीडल, आणि १६ मिलिमीटरच्या दोन-तीन फूट लांब चार सळया हाताशी ठेवाव्यात. यंत्र बंद पडले, तर ओतलेला माल सळयांनी दाटून दाटून ठोसून घ्यावा आणि नवा माल कालवणे थांबवावे. काम कुठे थांबवायचे, ती जागा इंजिनिअरकडून आधीच विचारून ठेवावी.

चालवायची रीत

आता मुख्य भाग. रीत कळली, की यंत्र कोण नीट चालवतो आणि कोण नुसता आवाज करतो, हे तुम्हाला लांबूनही ओळखता येईल.

नीडल मालात चटकन घालावी आणि सावकाश बाहेर काढावी. बाहेर काढण्याचा वेग सेकंदाला तीन इंचांपेक्षा जास्त नको. भसकन ओढली तर तिच्या जागी भोक राहते आणि हवा आत कोंडते.

एका जागी पाच ते पंधरा सेकंद पुरतात. पुरे झाले हे कसे ओळखावे? मोठे बुडबुडे यायचे थांबतात, खडी बुडते, नीडलभोवती सिमेंटची पातळ चकाकी येते आणि यंत्राचा बदललेला आवाज पुन्हा एकसारखा लागतो. मुरलेला कामगार हा आवाज कानाने ओळखतो.

४० च्या नीडलचे दोन ठोके एकमेकांपासून एका वितीवर असावेत. २५ ची असेल, तर पाच-सहा इंचांवर. या हिशेबाने दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद स्लॅबला सुमारे पावणेदोनशे ठोके होतात. दहा सेकंदांचा एक ठोका धरला, तरी अर्धा तास लागतो. म्हणजे सहाशे चौरस फुटांच्या स्लॅबला नुसते नीडलचे काम तीन तासांचे आहे. तुमचा स्लॅब तासाभरात ‘व्हायब्रेट करून झाला’ असे कोणी म्हणाले, तर खुशाल हिशेब मागा.

चार-पाच इंचांच्या स्लॅबमध्ये नीडल उभी घातली, तर निम्मी बाहेर राहते. तिथे ती तिरपी, जवळजवळ आडवी धरून पूर्ण बुडवावी. मालाबाहेर हवेत ती फार वेळ फिरू देऊ नये. भोवतालचा मालच तिला थंड ठेवतो. हवेत ती तापते आणि आतले बेअरिंग जळते.

कॉलममध्ये माल दीड-दीड फुटाच्या थरांनी भरावा. प्रत्येक थर ओतला, की नीडल त्यातून खालच्या थरात सहा इंचांपर्यंत उतरवावी, म्हणजे दोन्ही थर एकजीव होतात. दहा फुटांवरून माल खाली टाकू नये, खडी वेगळी आणि सिमेंट वेगळे होते. पाच फुटांपेक्षा जास्त उंचीवरून टाकायचे नाही, हे ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा. कॉलमच्या पायथ्याला भोके पडतात, ती बहुतेक याच दोन चुकांमुळे.

तीन गोष्टी मात्र कधीही करू देऊ नका. एक, नीडलने माल ढकलून लांब सरकवणे. त्याने सिमेंटचे पाणी पुढे जाते आणि खडी मागे राहते. माल घमेल्याने आणि फावड्यानेच पसरावा. दोन, नीडल सळईला लावून ठेवणे. तीच सळई पलीकडे आधी ओतलेल्या, सेट होऊ लागलेल्या मालात असेल, तर तिथली पकड सुटते. तीन, सेंट्रिंगच्या फळ्यांना नीडल भिडवणे. फळ्या सरकतात, फटी पडतात आणि सिमेंटचे पाणी गळून जाते.

अति तेथे माती हेही ध्यानात ठेवा. योग्य घट्ट मालाला दोन-चार सेकंद जास्त लागले तर बिघडत नाही. पण माल पातळ असेल आणि नीडल एकाच जागी मिनिटभर ठेवली, तर खडी तळाला जाते, वर नुसते सिमेंटचे पाणी तरंगते आणि स्लॅबचा वरचा थर पुढे भुसभुशीत होतो.

जिवाला जपा

बंधूंनो, यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. स्लॅब बिघडला तर पैसे जातात, इथे चुकलात तर माणूस जाईल.

पहिला धोका विजेचा. ओला माल, ओले पाय आणि लोखंडी सळयांचे जाळे. अशा जागी विजेची गळती झाली, तर सगळे जाळेच जिवंत होते. म्हणून तारेवर आकडा टाकून यंत्र चालवू नका. अर्थिंग असलेली जोडणीच घ्या आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली, की ती क्षणात वीज तोडते. केबल एकसंध असावी, चिकटपट्टीचे सांधे नकोत. ती सळयांवर न लोळवता कोरड्या बांबूंवरून वर न्यावी. कामगारांच्या पायांत गमबूट असावेत. कोणाला झटका बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करा.

दुसरा धोका पेट्रोलचा. गरम इंजिनात पेट्रोल भरू नका, इंजिन बंद करून थंड होऊ द्या. जवळपास विडी-काडी नको. स्लॅबवर इंजिन थरथरत हळूहळू कडेला सरकते, म्हणून ते फळीवर ठेवून बांधून घ्या.

तिसरा धोका दिसत नाही, म्हणून तो सर्वांत वाईट. विहिरीचे कडे, जमिनीखालची पाण्याची टाकी, गोबरगॅसचा खड्डा अशा कामांना पेट्रोलचे इंजिन कधीही खाली उतरवू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. खोलगट जागेत तो साठतो. आधी डोके जड होते, चक्कर येते, मळमळते, पाय गळतात, आणि शिडी चढण्याचे त्राण उरत नाही. आपले जुने लोक विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहत. हवेत प्राणवायू कमी असेल तर कंदील विझे, हे खरे. पण कार्बन मोनॉक्साइडने माणूस मरतो तेव्हाही कंदील जळतच राहतो. त्याच्यावर विसंबू नका. इंजिन वर, काठापासून दूर, धूर खाली जाणार नाही अशा दिशेला ठेवा आणि लांब नळी खाली सोडा. नाहीतर विजेचे यंत्र वापरा, तेही मोटार वर ठेवून आणि वर सांगितलेली काळजी घेऊनच.

खाली कोणी कोसळला, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो आणि एकाच घरातले तिघे जातात. इंजिन बंद करा, माणसे बोलवा, अग्निशामक दलाला कळवा. खाली उतरणाऱ्याच्या छातीला आधीच दोर बांधलेला असेल, तर वरूनच ओढून काढता येते. म्हणून दोर आधी, उतरणे नंतर.

चौथी गोष्ट रोजच्या काळजीची. नीडल धरणाऱ्याने घट्ट मूठ आवळू नये, रबरी नळीला धरावे. अर्ध्या-अर्ध्या तासाने माणूस बदलावा. वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्यांची बोटे बधिर आणि पांढरी पडू लागतात. कानांत इअरप्लग घालावेत. घमेली वाहणाऱ्या भगिनींनी पदर आणि ओढणी खोचून घ्यावी, इंजिनाच्या फिरत्या भागाजवळ जाऊ नये. सिमेंटचे पाणी कातडी जाळते. हातमोजे घालावेत, बुटात माल गेला तर लगेच काढून पाय धुवावेत. डोळ्यात उडाले, तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जावे. आणि मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवावे.

कामाला दोन माणसे ठरवून द्या. एक नीडल धरणारा आणि एक इंजिनापाशी, हाक मारताच बंद करणारा. ‘ज्याचा हात रिकामा त्याने धरायचे’ असे चालू देऊ नका.

काम झाल्यावर

नीडल आणि नळी लगेच पाण्याने धुऊन, पुसून ठेवा. सुकलेला माल ठोकून काढताना यंत्र बिघडते आणि भाड्यावर दंड बसतो. नळी घडी न घालता मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा.

स्लॅबला पाणी मारणे हे घरच्या माणसांचे काम. साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस, आणि राखमिश्रित म्हणजे पीपीसी सिमेंटला कमीत कमी दहा दिवस स्लॅब सतत ओला हवा. उन्हाळा असेल तर चौदा दिवस. व्हायब्रेटरने घट्ट बसवलेला मालही पाण्यावाचून तडकतो.

सेंट्रिंग काढल्यावर स्वतः फिरून पाहा. गिलाव्याचा हात फिरण्याआधी पाहा. भोके दिसली, तर नुसती लिंपू देऊ नका. सुटा माल छिन्नीने काढून, धुऊन, इंजिनिअर सांगेल त्या मालाने भरून घ्या. कॉलममध्ये सळई उघडी दिसत असेल, तर त्याने पाहिल्याशिवाय वरचे काम पुढे नेऊ नका. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आपण विसरलो नाही. कॉलमच्या जोरावर घर उभे राहते, आणि कॉलमचा जोर त्याच्या आतल्या भरीवपणात असतो.

एक शेवटचे सांगतो. स्लॅबच्या दिवशी घरात धावपळ असते. पाहुणे येतात, कामगारांचे गोडाधोडाचे जेवण असते, नारळ फुटतो. ते सगळे होऊ द्या. पण घरातल्या एका माणसाला, मग तो मुलगा असो, सून असो की आजोबा, दिवसभर दुसरे काहीही काम सांगू नका. त्याने नीडलकडे पाहायचे, वितीचे अंतर पाहायचे, सेकंद मोजायचे आणि इंजिन कुठे ठेवले आहे हे पाहायचे. एकदा माल घट्ट झाला, की आत काय झाले ते कोणालाच पाहता येत नाही. ते पाहण्याची वेळ तेवढीच असते.

हे पान कापून जपून ठेवा. तुमचे घर झाले असेल, तर ज्याचे व्हायचे आहे त्याला द्या.